पन्नास घरांची यादी

प्रिय बगळ्या,

या नावाने तुला हाक मारून किती वर्षं झाली, ते मी मुद्दामच मोजलेलं नाही. मोजत बसले असते तर लिहायचं पुन्हा राहून गेलं असतं, आणि गोष्टी राहून जाण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? इथल्या नव्या लोकांसाठी तू 'वरच्या केंद्राचे प्रमुख' आहेस, फोनवर मोजकं बोलणारे, कागद वेळेवर पाठवणारे. गुडघाभर पाण्यात एका पायावर भार टाकून तासन्‌तास उभा राहणारा, लांब मान आणखी लांब करून तळ्याचा तळ न्याहाळणारा तो काटकुळा मुलगा त्यांनी पाहिलेला नाही. आपल्याला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांनी तुझं नाव बगळा ठेवलं. मासे पाळणाऱ्या माणसाला बगळा म्हणायचं, असला विनोद त्यांनाच सुचायचा. मी खो खो हसले तेव्हा लगेच माझं नाव टिटवी ठेवून मोकळे झाले, कारण पाणी अर्ध्या अंशाने गार झालं तरी मी सगळं केंद्र डोक्यावर घ्यायची. मास्तरांना जाऊन अकरा वर्षं झाली. आता मला टिटवी म्हणणारं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि तू तर मला 'मॅडम' लिहितोस.

आधी इथलं सांगते. अंडी उबवायची खोली होती तशीच आहे. भिंतीला लागून काचेच्या उंच बरण्यांची रांग, खालून पाणी वर चढतं आणि अंडी त्यात गरगरत राहतात. तू खिळा ठोकून टांगलेलं तापमापक अजून त्याच खिळ्यावर आहे, तिरकंच. तिसऱ्या बरणीची तोटी अजून गळते आणि तिच्याखाली तोच निळा टप आहे, म्हणजे तो नव्हे, त्याचा नातू म्हण. माझा उजवा अंगठा मात्र सकाळी वाकत नाही. पस्तीस वर्षं माद्यांची पोटं दाबून अंडी काढली, त्याचा सूड त्याने आता उगवायला घेतला आहे. चार महिन्यांनी मी निवृत्त होते. निरोपाला मला काय द्यायचं यावर ऑफिसात कुजबुज चालते, आणि मी आत शिरले की सगळे एकदम कामाला लागतात. घरी मी एकटीच, ते तुला माहीत आहे. ते तुझ्यामुळे असं समजून उगाच फुशारू नकोस. दोन स्थळं मी स्वतः नाकारली, त्यातल्या एकाला तर माशांच्या वासाने शिंका यायच्या.

आणि माझ्या टेबलावर तुझ्या केंद्राचा अहवाल आला. तुझ्याकडे शंभरातली चाळीस अंडी पांढरी पडतात, जी फुटतात त्यातल्या पिल्लांचे कणे वाकडे निघतात, कल्ल्यांवरचं झाकण आखूड राहून आतले लाल कल्ले उघडे दिसतात, बोटभर होईपर्यंत निम्मी मरतात. म्हणून वरचं केंद्र बंद करावं, तळी उपसून सगळे मासे संपवावेत आणि प्रमुखांवर ठपका ठेवावा, असं त्यात लिहिलं आहे. मुख्य केंद्राची प्रमुख मी, म्हणून त्यावर शेवटची सही माझी लागते. सोमवारपर्यंत. आज गुरुवार आहे. हे तुला नवीन नाही, तुझा जबाब त्याला जोडलेलाच आहे. तो मी वाचला. त्याबद्दल लिहायला हात अजून धजत नाही, म्हणून आधी जुनं लिहिते. तू म्हणायचास की टिटवी मुद्द्यावर यायच्या आधी तळ्याला तीन घिरट्या घालते. घालू दे.

आपण दोघं इथे लागलो तेव्हा माझी समजूत अशी होती, की मासे पैदा करायचे म्हणजे सगळ्यांत मोठे नर आणि सगळ्यांत मोठ्या माद्या निवडायच्या, संपलं काम. पहिल्याच महिन्यात मी एका तळ्यातले बारा धिप्पाड कार्प वेगळे काढून मास्तरांपुढे मिरवले. त्यांनी ते परत पाण्यात सोडले आणि मला पन्नास टाक्यांपुढे उभं केलं. एका टाकीत एका जोडीची पिल्लं. टाकीला ते टाकी म्हणत नसत, घर म्हणत. घर एक, घर दोन, असं पन्नासपर्यंत. पुढच्या पिढीसाठी प्रत्येक घरातून दोन मुलगे आणि दोन मुली घ्यायच्या, ना एक कमी ना एक जास्त, मग त्या घरची मुलं देखणी असोत नाहीतर किडमिडी. तीसुद्धा डोळे मिटून जाळ्यातून काढायची, म्हणजे आपली आवड मध्ये लुडबुडत नाही. उरलेली सगळी मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यांना द्यायची. सोयरीक जुळवताना वहीत तीन पिढ्या मागे जाऊन बघायचं, नात्यात गाठ पडता कामा नये. तू म्हणालास, एवढी चौकशी तर आमच्या आत्याच्या लग्नात झाली नव्हती. मला मात्र हसू आलं नाही. धष्टपुष्ट मासळी देऊन टाकायची आणि मरतुकडी जपायची, हा मला शुद्ध वेडेपणा वाटत होता.

मग घर नऊचं झालं. आठवतं? घर नऊची मुलं काळपट, आखूड, तोंडाने जरा वाकडी. येणारा-जाणारा त्यांना हसायचा. तूसुद्धा त्यांना मास्तरांची माहेरची मंडळी म्हणायचास. तिसऱ्या वर्षी कल्ले कुजण्याचा रोग आला. आठ दिवसांत तळ्यांवर पांढरी पोटं तरंगायला लागली, आणि माझे ते बारा पैलवान ज्या घरचे होते, ते घर तर जवळजवळ बसलंच. मी टाकीच्या काठावर बसून रडत होते आणि तू जाळ्याने मेलेले मासे काढत होतास. घर नऊमधला एकही मासा मेला नाही. त्यांच्या रक्तात काय होतं कोण जाणे, ते इतके दिवस कुणाच्या कामी आलं नव्हतं, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. मास्तरांनी घर नऊच्या टाकीत त्या दिवशी एक मूठ खाद्य जास्त टाकलं. तेव्हापासून मी डोळे मिटूनच मासे निवडत आले, आजपर्यंत. एक वेळ सोडून.

पण मला खरे आठवतात ते वाडगे. लांब टेबलावर पन्नास पांढरे वाडगे मांडलेले, प्रत्येकावर नंबर. दुसरीकडे सगळ्या नरांचं वीर्य एकत्र करून अंड्यांवर ओततात, काम पटकन उरकतं. मास्तरांना ते चालायचं नाही. एकत्र केलं की जोरदार असतील ते दोन-चार नरच सगळी अंडी पटकावतात आणि बाकीच्यांचं नाव पुसलं जातं, म्हणून एका वाडग्यात एकीची अंडी आणि एकाचंच वीर्य. तू नर धरायचास, मी मादी. फडक्याने कोरडी केलेली पाच किलोची मादी कुशीत घेऊन मी पोटावरून अंगठा फिरवायची, अंडी वाडग्यात पडायची, तू वरून नर धरायचास, मग मी बदकाच्या पिसाने ढवळायचं आणि तू पाणी घालायचंस. अंडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मग दुधाच्या पाण्यात धुवायची. हे सगळं बोलता बोलता करायची सोय नव्हती, कारण एकदा माझ्याशी गप्पांच्या नादात तू घर बावीसचा नर घर तेवीसच्या वाडग्यावर धरलास आणि मास्तरांनी तो वाडगा तुझ्या डोळ्यांदेखत मोरीत ओतला. त्यानंतर आपण वाडगे संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुखाच्या सकाळी मुक्या आहेत. तुझी ओली बाही माझ्या बाहीला लागायची आणि मी पिसाचा एक फेरा उगाच जास्त मारायची. तुला ते कळायचं का रे? मला अजून माहीत नाही.

पाचव्या वर्षी मास्तरांच्या मनाने घेतलं की पन्नासही घरं एकाच ठिकाणी ठेवणं धोक्याचं आहे. पाणी बिघडलं, रोग आला, तर एका आठवड्यात सगळं संपेल. म्हणून प्रत्येक घरातली निम्मी मुलं वर डोंगरातल्या झऱ्यावर न्यायची, तिथे दुसरं केंद्र उभं करायचं. आपल्यातल्या एकाने जायचं आणि एकाने राहायचं, कारण परका माणूस आला की तो मोठे मासे निवडणार, हे आपल्या तिघांनाही पक्कं माहीत होतं. कोण जाणार, असं मास्तरांनी विचारलं आणि तू लगेच म्हणालास, मी. इतक्या लगेच म्हणालास की मला ते लागलं. मला वाटलं, याला प्रमुखाची खुर्ची हवी आहे. पुढे शेवटच्या आजारपणात मास्तरांनी मला सांगितलं की तू आदल्या दिवशीच त्यांच्याकडे जाऊन आला होतास, वर थंडी फार आहे, तिला पाठवू नका, असं सांगायला. तू थांबशील म्हणून मी वाट पाहिली आणि मी थांबवीन म्हणून तू पाहिली असशील. आपण दोघंही ट्रकमध्ये मासे चढवत राहिलो. शेवटची टाकी चढली तेव्हा मी तुला काय म्हणाले ते आठवतं? ऑक्सिजनच्या नळीकडे लक्ष ठेव. पाच वर्षं सोबत काढून मला एवढंच सुचलं.

मग ती अदलाबदल सुरू झाली. दर तिसऱ्या हिवाळ्यात तुझ्याकडचे पन्नास नर खाली यायचे आणि माझ्याकडचे पन्नास वर जायचे, एका घरातून एक, म्हणजे दोन्हीकडची घरं एकमेकांना परकीही होत नाहीत आणि आपल्यातच कोंडूनही राहत नाहीत. ओळखीची खूण म्हणून तुझ्याकडच्यांचा पोटाखालचा डावा पर कापलेला, माझ्याकडच्यांचा उजवा. गाडी यायची, चार दिवस थांबायची, पाचव्या दिवशी परत जायची. ड्रायव्हरच्या सीटखाली पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात यादी: घराचा नंबर, आईचा नंबर, बापाचा नंबर. लोक पत्रं लिहितात, आपण याद्या लिहिल्या. तुझ्या यादीच्या समासात बारीक अक्षरात काहीतरी असायचं. घर बारा अतिशय खादाड, तुझ्यावर गेलं आहे. छप्पर गळतं, बादली घर चारवर ठेवली आहे. धुकं इतकं की सकाळी मला माझे हात सापडत नाहीत. त्या ओळी मला पाठ आहेत. परतीच्या यादीच्या समासात दोन ओळी लिहायला मला चारही दिवस लागायचे, आणि शेवटी मी लिहायची ते पाण्याच्या तापमानाबद्दल.

तिसऱ्या अदलाबदलीची तुझी यादी माझ्याजवळ आहे. घर पन्नासच्या खाली तू लिहिलं होतंस की तिथल्या शाळेतल्या बाईंशी तुझं लग्न ठरवायचं चाललं आहे. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, ती तुला आठवत असेलच, तिच्यापाशी मी शेवटी येते. यादी वाचली, घडी घातली, डब्यात ठेवली. तुझे पन्नास नर नीट उतरवून घेतले, कारण त्या बिचाऱ्यांचा काय दोष? मग चार दिवस मी एकाही टाकीत हात घातला नाही. ऑफिसात बसून जुन्या वह्यांना कव्हरं घातली. पाचव्या दिवशी सकाळी ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला आणि माझ्याकडे पाठवायला एकही मासा काढलेला नव्हता.

आता जे लिहिते ते मी आजच्या सकाळपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पन्नास टाक्यांतून एकेक नर काढायचा म्हणजे गार पाण्यात चार दिवसांचं काम. मी मागच्या तळ्यावर गेले. तिथे घर एकतीसची उरलेली मुलं वाढत होती, शेतकऱ्यांना द्यायची म्हणून ठेवलेली, सगळी एका आईची आणि एका बापाची. एकदाच जाळं ओढलं. अर्ध्या तासात पन्नास नर हाती आले, सोनेरी, तकतकीत, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. प्रत्येकाचा उजवा पर कापला. मग टेबलाशी बसून यादी लिहिली, घर एक, घर दोन, घर तीन, पार पन्नासपर्यंत, आईबापांच्या नंबरांसकट, माझ्या सुवाच्य अक्षरात. समास कोरा ठेवला. पन्नास घरांचे पन्नास म्हणून मी तुला एकाच घरातले पन्नास सख्खे भाऊ पाठवले, बगळ्या.

रागाच्या भरात केलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं आहे. राग होताच. पण त्याहून जास्त हे होतं, की तुझ्यासाठी मी चार दिवस पाण्यात उभी राहणार आणि ते मासे उतरवून घेताना टपाच्या दुसऱ्या बाजूला ती उभी असणार, हे मला सोसेना. मी मनाशी म्हटलं, तीन वर्षांनी पुढची गाडी जाईल तेव्हा खरे पाठवीन, एका पिढीने काय आभाळ कोसळतं? दुसऱ्याच वर्षी माशांत रोगाची साथ आली आणि जिवंत मासे इकडून तिकडे न्यायला बंदी झाली. त्या उन्हाळ्यात तुझा झरा आटला, जुन्या माद्या गेल्या, जुने नर गेले, आणि मी पाठवलेल्या नरांची पिल्लं तेवढी तगली. त्यांच्यावरच तू पन्नास घरं पुन्हा उभी केलीस. मला फोनवर तू किती उत्साहाने सांगत होतास की बापांची पन्नास घरं वेगळी आहेत म्हणून निभावलं. मी हं म्हटलं. वही पुढ्यात घेऊन, डोळ्यांत तेल घालून, तीन पिढ्या मागे जात तू चुलत भावंडांची लग्नं लावत होतास, कारण वहीत माझं अक्षर होतं.

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. साथ दोन वर्षांत गेली, बंदी मात्र फायलीत राहिली, आणि ती तिथेच राहावी म्हणून मी हातभार लावला. अदलाबदल पुन्हा सुरू करा, असे तुझे तीन अर्ज माझ्याकडे अभिप्रायाला आले. तिन्हींवर मी लिहिलं, अजून धोका संभवतो. धोका होताच, पण तो मला होता. तुझे मासे इथे आले असते तर कधी ना कधी कुणीतरी ते निरखून पाहिले असते. तिसरा अर्ज मी परत पाठवला त्याच महिन्यात तुझ्या बायकोने विणलेले लोकरीचे हातमोजे पोस्टाने आले. सोबत चिठ्ठी होती, पाण्यातून हात काढलेत की घालत जा, हे सांगतात तुमचे हात फार गार पडतात. मी ते घातलेही नाहीत आणि कुणाला देऊनही टाकले नाहीत. कपाटात वरच्या फळीवर ठेवले आणि ती फळी पुसायची सोडून दिली. तिला मी धड दोन ओळींचं उत्तरही पाठवलं नाही. तिला वाटलं असेल, काय माणूस आहे.

या वर्षी नवा अधिकारी आला. त्याने बंदी उठवली आणि अदलाबदल सुरू व्हायच्या आधी दोन्हीकडचे मासे तपासायला एक मुलगी पाठवली. पराचा तांदळाएवढा तुकडा कापून बाटलीत घालते आणि महिन्याभराने सांगते, कोण कुणाचं लेकरू. मास्तर असते तर त्यांनी तिला इथून जाऊच दिलं नसतं. माझ्याकडची पन्नासच्या पन्नास घरं शाबूत निघाली. अहवालात माझ्या केंद्राला 'आदर्श' म्हटलं आहे. ती घरं शाबूत आहेत कारण तू त्या वर्षी पाठवलेले नर खरे होते, एका घरातला एक, लग्नाची बातमी लिहितानासुद्धा तुझा एक नंबर चुकला नव्हता. आणि तुझ्याकडचे मासे मागे मागे जात एकाच घराच्या दारात जाऊन पोचतात. असं कसं झालं, हे तुला विचारलं गेलं. तुझा जबाब तीन ओळींचा आहे: खालच्या केंद्राची यादी चुकणं शक्य नाही, ती कुणी लिहिली ते मला माहीत आहे. त्या वर्षी मीच वाडग्यांत घोळ केला असेन, तरुणपणी एकदा केलाही होता. चूक माझी. एवढं वाचलं आणि मला ऑफिसात बसवेना. मी बरण्यांच्या खोलीत गेले आणि निळा टप पालथा घालून त्यावर बसून राहिले. तुला माझ्याबद्दल एकदा तरी शंका यायला हवी होती रे. आली असती तर मला इतकं लागलं नसतं.

त्या अहवालावर मी सही केलेली नाही. त्याला माझा जबाब जोडून आज सकाळी वरिष्ठांकडे पाठवला. वर लिहिलं ते सगळं त्यात आहे, फक्त बगळा नाही आणि वाडग्यांच्या सकाळी नाहीत. ठपका आता ज्याचा त्याच्या नावावर जाईल, आणि निरोपसमारंभाची कुजबुज बहुधा आपोआप थांबेल. निर्णय होईपर्यंत अदलाबदलीचा आदेश चालूच आहे, हे त्या नव्या अधिकाऱ्याला मी दोनदा विचारून घेतलं. तुझी घरं माझ्याकडे जिवंत आहेत, बगळ्या, तुझ्या त्या पन्नास नरांची नातवंडं-पतवंडं, तीच आता परत पाठवते आहे. गेले चार दिवस मी टाक्यांत उतरते आहे, पन्नास घरं, प्रत्येकात डोळे मिटून एक नर. बाहेर आले की ते हातमोजे घालते. ऊबदार आहेत, तिला सांग. यादी डब्यात आहे, पण या वेळी तिच्यावर विसंबू नकोस. त्या मुलीला बोलाव, पन्नासही जणांच्या पराचे तुकडे दे, आणि तिचं उत्तर येईपर्यंत एकालाही तुझ्या तळ्यात सोडू नकोस. मी लिहिलेलं कुणीतरी तपासून घ्यावं, असं मला आता फार वाटतं. राहिली ती शेवटची ओळ. एकवीस वर्षांपूर्वी लग्नाच्या बातमीखाली तू लिहिलं होतंस, तुला काही म्हणायचं असेल तर गाडीबरोबर कळव, गाडी येईपर्यंत मी कुणाला शब्द देणार नाही. गाडी आली, समास कोरा होता, आणि तू शब्द दिलास. तुझा संसार चांगला झाला, ती चांगली आहे, हे पत्र तिला वाचून दाखवलंस तरी चालेल, मला त्यातलं काहीही परत नको आहे. पण तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. थांब, मी येते, एवढंच म्हणायचं होतं. ड्रायव्हर तोच आहे, मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, केव्हाचा हॉर्न वाजवतो आहे. गाडीबरोबर कळवते आहे.

तुझीच,
टिटवी